तीनशे बारा दोरे

त्या मोसमात उन्हाने घाई केली आणि टोमॅटोच्या कळ्या ठरल्या दिवसाच्या आठवडाभर आधीच फुटल्या. तीस ओळी, तीन हजार झाडं, वर हिरव्या जाळीचं छप्पर, आणि खाली राबायला घरच्या तीन बायका, थोरला मुलगा आणि रोजाच्या चार बायका. हे खायचे टोमॅटो नव्हते, बियाण्याचे होते, कंपनीचे. खायच्या टोमॅटोला कोणी विचारत नाही, तो आपला आपण होतो. बियाण्याच्या टोमॅटोचं लग्न मात्र माणसाने हाताने लावायचं असतं. उद्या उमलणारी कळी संध्याकाळी हेरायची, चिमट्याने तिचं पोट उघडून आतला नर अलगद काढून टाकायचा. सकाळी ती उमलली की बोटातल्या अंगठीवरच्या इवल्या वाटीत दुसऱ्या जातीच्या परागांची पावडर घ्यायची आणि फुलाला टेकवायची. टेकवली की फुलामागच्या पाच हिरव्या पानांतली दोन छाटायची, म्हणजे पुढे फळ धरल्यावर ओळखू येतं की हे लग्न आपण लावलंय. ज्या फळाच्या डोक्यावर पाचही पानं शाबूत, त्याने आपल्या मनाने उरकलं असं समजायचं. तसलं फळ कंपनीला चालत नाही. तसली चार-पाच फळं सापडली की कंपनी सगळा प्लॉट नापास करते, आणि वर्षाची मेहनत टोपल्या भरून बाजारात नेऊन टाकावी लागते.

एका घोसात पुरेशी फळं धरली की त्याच्या देठाशी लाल दोरा बांधायचा. दोरा बांधला की तो घोस संपला, पुन्हा त्याच्याकडे कोणी बघायचं नाही. नाहीतर तीन हजार झाडांत माणूस वेडं होईल.

ह्या सगळ्यावर हुकूम चालायचा घरातल्या म्हातारीचा. सगळे तिला फौजदारीण म्हणत. तिच्या घरात कोणी फौजदार झाला नव्हता. तिची जीभच तेवढी त्या हुद्द्यावर होती. दुसरीच्या पुढे शाळा तिच्या वाट्याला आली नाही, आणि तिच्या मते त्यात शाळेचंच नुकसान झालं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून ती दिवसाला सहाशे कळ्या काढायची, आणि कोणाची किती झाली ते न विचारता सांगायची.

धाकट्या सुनेला घरात येऊन वर्ष झालं होतं. धाकटा मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोनदा उगवायचा. सून कामाला चांगली होती, तोंडाला कुलूप होतं. पण मोसमाच्या पहिल्याच आठवड्यात फौजदारीणीच्या लक्षात आलं की हिचे हात कळीवर असतात आणि ओठ हलत असतात. आवाज नाही, नुसते ओठ. पहिला दिवस तिने सोडून दिला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या ओळीत वाकून कान दिला. तिसऱ्या दिवशी चिमटा खाली ठेवला आणि म्हटलं की मला शिव्या द्यायच्या तर मोठ्याने दे, मलाही दोन नव्या कळतील.

धाकटी लाल झाली. शिव्या नाहीत, शब्द पाठ करतेय म्हणाली. इंग्रजी शब्द, अवघड. शहरात शिक्षिका व्हायच्या कोर्सला प्रवेशाची परीक्षा होती. त्या परीक्षेत साध्या इंग्रजीला कोणी विचारत नाही, असे शब्द विचारतात की जे बोलणाऱ्यालाही रोज लागत नाहीत. लग्नात बापाने भांड्यांबरोबर शब्दांचं एक जाड पुस्तकही दिलं होतं. ते तिने पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं.

फौजदारीणीने चिमटा पुन्हा उचलला. मग म्हणाली, "लागत नाहीत तर शिकतेस कशाला?"

"लागत नाहीत असं वाटतं, आई. शिकलं की लागतात."

फौजदारीणीने हुकूम सोडला की ओठ हलव नाहीतर डोकं हलव, हात थांबता कामा नये. हात थांबले नाहीत. उलट आठवड्याने बघते तर धाकटीने प्रत्येक ओळीत दहाएक झाडांमागे एक, अशा वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या टांगलेल्या. पुढच्या बाजूला इंग्रजी शब्द, मागे मराठीत अर्थ. झाड ज्या सुतळीवर चढायचं त्या सुतळीलाच लाल दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, कारण दोऱ्याचं रीळ तिच्या कमरेलाच होतं. झाडं तेव्हा गुडघ्याएवढी होती. चालता चालता शब्द वाचायचा, पुढच्या चिठ्ठीपर्यंत घोकायचा, तिथे नवा घ्यायचा. तीनशे बारा चिठ्ठ्या.

रोजाच्या बायकांत एक होती, तिला सगळ्या रेडिओ म्हणत. तिला बंद करायचं बटण नव्हतं. ती म्हणाली की आता आपले टोमॅटो इंग्रजीत पिकणार. बायका हसल्या. फौजदारीणही हसली, पण दुपारी सगळ्या भाकरी सोडून बसल्या असताना ती एकटीच आत गेली आणि रेडिओच्या ओळीतली एक चिठ्ठी उलटी करून मराठी बाजू अक्षर अक्षर लावून वाचली. नको तितकं आणि फुकटचं बोलणारा. तिने इकडेतिकडे बघितलं. संध्याकाळी धाकटीला विचारलं की त्या चिठ्ठीवर पुढे काय लिहिलंय. गॅरुलस, धाकटी म्हणाली. फौजदारीणीने तो शब्द दोनदा तोंडात फिरवला आणि विचारलं की मग उलटाही असेल.

"आहे ना. टॅसिटर्न. विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा. सत्ताविसाव्या ओळीत आहे."

"थोरला," फौजदारीण म्हणाली.

धाकटी पदर तोंडाला लावून हसली. वर्षात पहिल्यांदा.

तिथून ते सुरू झालं. फौजदारीण कबूल करायची नाही, पण ओळ संपवून परत वळताना ती एखादा अर्थ विचारून घ्यायची, तेही असं की जणू धाकटीची हजेरी घेतेय. तिला आजवर वाटत होतं की इंग्रजी ही साहेबांनी फोनवर ओरडायची आणि औषधाच्या डब्यावर छापायची भाषा. तिच्यात माणसांच्या स्वभावांची अशी खणाखणांत मांडणी असेल हे तिच्या गावीही नव्हतं. एक दिवस धाकटीने तिला टिनेशस सांगितला, एकदा धरलं की न सोडणारा. अलीकडच्या एका ओळीत ऑब्स्टिनेट, म्हणजे हट्टी, कोणाचं न ऐकणारा. फौजदारीणीने विचारलं की दोघंही सोडत नाहीत, मग दोन शब्द कशाला. धाकटी म्हणाली की पहिल्याचं कौतुक होतं, दुसऱ्याला बोल लागतात.

"म्हणजे माणूस तोच," फौजदारीण म्हणाली, "सांगणारा वेगळा."

धाकटीचा हात त्या दिवशी खरंच थांबला. म्हणाली, पुस्तकात हे दीड पान लावून सांगितलंय.

आणि इफेमरल. तो तिने सकाळच्या कोवळ्या उजेडात ऐकला, समोर पिवळं फूल नुकतं उघडत असताना. अगदी थोडा वेळ टिकणारं, एखाद्या सकाळीपुरतं. फौजदारीण पावडर टेकवता टेकवता थबकली. चाळीस वर्षं ती एका सकाळीपुरत्या फुलांमागे धावत होती. आठला उघडायची, अकराला मिटायला लागायची. आणि लांब कुठल्या तरी देशात, जिथे तिला कोणी ओळखत नाही, तिथे कोणीतरी बसून ह्याच्यासाठी एक वेगळा शब्द घडवून ठेवला होता. तिला कोणीतरी पाठीमागून बघतंय असं वाटलं. तिने वळून बघितलं. जाळीतून उन्हाचे कवडसे पडले होते, बाकी कोणी नव्हतं.

मग कंपनीच्या सुपरवायझरचा निरोप आला की साहेब येऊन प्लॉट बघणार. थोरला सकाळीच कुरकुरला की चिठ्ठ्या लोंबतायत, साहेब म्हणतील ही काय शाळा आहे का. फौजदारीणीला कोणी हसलेलं चालत नसे, त्यातून टायवाल्याने तर नाहीच. धाकटी पाण्याला गेली होती. फौजदारीणीने तीस ओळींतून एका दमात फेरी मारली आणि सगळ्या चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या. गाठी सोडायला वेळ कोणाला होता. कागद हातात आला, दोरा सुतळीवर राहिला. ओंजळभर कागद तिने चुलीत घातले. धाकटी आली, रिकाम्या ओळींकडे बघितलं आणि घागर खाली ठेवून कामाला लागली. साहेब त्या दिवशी आलेच नाहीत.

तीन आठवडे गेले. झाडं डोक्याच्या वर चढली, पानांनी ओळी भरून गेल्या. सुपरवायझर मोटरसायकलवरून आला, सहज एका झाडात हात घातला आणि लिंबाएवढं एक हिरवं फळ बाहेर काढलं. डोक्यावर पाच पानं. शाबूत. शेजारी लाल दोरा.

त्याने काही आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला की मी तुमच्या दोऱ्यावर डोळे मिटून विश्वास टाकत आलो, मावशी. उद्या सकाळी दहाला साहेब येणार आणि ते डोळे मिटत नाहीत. मग गाडीला किक मारून निघून गेला.

थोरल्याने ते झाड उकलून बघितलं. दोरा घोसाच्या देठाला नव्हता, सुतळीला होता. शब्दाचा दोरा. चिठ्ठी होती तोवर बायका ओळखत होत्या. चिठ्ठी गेली, दोरा उरला, झाड वाढून घोस नेमका त्याच्या अंगाला येऊन टेकला, आणि दोरा दिसला की काम झालं समजून आठही जणांचे हात पुढे सरकत गेले. असे तीनशे बारा दोरे होते, आणि खऱ्या दोऱ्यांची तर मोजदाद नव्हती. सगळे एकाच रिळाचे. कुठला कुठला, कोणाला सांगता येणार? तीन हजार झाडांतला घोस न् घोस बघायचा तर आठवडा लागला असता. हातात एक दुपार होती.

टॅसिटर्न थोरला त्या दिवशी बोलला. धाकटीकडे न बघता बोलला. हे शब्दांचं खूळ घरात नको होतं, म्हणाला. दुसऱ्याच्या भाषेपायी आपलं पीक गेलं. परवाची ती परीक्षाबिरीक्षा आता विसरायची, उद्या साहेबांपुढे मान खाली घालून उभं राहायचंय सगळ्यांना. त्याची बायको, थोरली, खाली बघत राहिली. रेडिओसुद्धा बंद पडली.

धाकटीचा खालचा ओठ दाताखाली होता. तिने सांगितलं नाही. तिला सांगता आलं असतं.

"कागद मी फाडले," फौजदारीण म्हणाली. "दोरे मी ठेवले. ओरडायचंच तर इकडे तोंड कर."

थोरल्याने इकडे तोंड केलं, पण ओरडणं जमलं नाही.

तेवढ्यात धाकटी म्हणाली की मला माहीत आहेत.

काय माहीत आहेत, कोणाला कळलं नाही. ती पहिल्या ओळीच्या तोंडाशी गेली. एक क्षण डोळे मिटले, उघडले आणि चालायला लागली. झाडं मोजत नव्हती. ओठ हलत होते. एका झाडाशी थांबली, म्हणाली, "अबेट. कमी होत जाणं, ओसरणं." आणि पानांत हात घातला. दोरा सुतळीला होता. दोऱ्याखाली चार फळं, पाच-पाच पानांची. तिने ती तोडली, टोपलीत टाकली आणि पुढे निघाली. "अ‍ॅबरंट. ठरल्या वाटेवरून भरकटलेलं." पुन्हा हात, पुन्हा दोरा, तीन फळं. "अ‍ॅक्रिड. नाकाला झोंबणारं."

थोरला आधी लांब उभा होता. चौथ्या शब्दाला तो टोपली घेऊन तिच्या मागे गेला.

फौजदारीण दुसऱ्या बाजूने चालत होती. तिचं काम एवढंच की धाकटीने दाखवलेल्या जागेच्या वरचे-खालचे घोस तपासायचे. पण तिचे डोळे फळांवर ठरेनात. ही बाई कागदाशिवाय चालली होती. कागद चुलीत जाऊन तीन आठवडे झाले होते, आणि तिच्या डोक्यात तीसही ओळी जशाच्या तशा उभ्या होत्या, प्रत्येक शब्द आपापल्या झाडाला टांगलेला, वाऱ्यावर हलणारा. एकदा ती दोन पावलं पुढे गेली, थांबली, मागे आली, म्हणाली, इथे होता, मी चुकले, आणि झाडामागून दोरा काढून दाखवला. पाचव्या ओळीला फौजदारीणीने मनाशी ठरवलं की आता हिला अडखळवायचं. मुद्दाम विचारलं की मागच्या ओळीत तिसरा कुठला होता. धाकटीने मान न वळवता सांगितलं, बेनाइन, मायाळू, अपाय न करणारं, आणि त्याच्या आधीचा, आणि त्याच्या आधीचा. फौजदारीणीने पुन्हा विचारलं नाही.

दुपार वितळत होती. जाळीखाली हवा हलत नव्हती. पानांच्या रसाने हात हिरवे, मग काळे झाले, घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला स्वच्छ बोट उरलं नव्हतं. धाकटीचा आवाज बसला. थोरलीने तिच्या तोंडाला तांब्या लावला, ती प्यायली आणि पाणी गिळता गिळता पुढचा शब्द बोलली. रोजाच्या बायका घरी जायची वेळ झाली तरी गेल्या नाहीत. त्या ओळीच्या टोकाला उभ्या राहून ऐकत होत्या, आणि फळ निघालं की रेडिओ हळूच म्हणायची, निघालं गं.

नवव्या ओळीत धाकटी म्हणाली, "कॉन्ट्राइट," आणि नेहमीसारखा अर्थ पुढे आला नाही.

"म्हणजे?" फौजदारीणीने विचारलं.

"आपली चूक मनाला लागून वरमलेला."

फौजदारीण खाली वाकली. त्या घोसातली पाचही फळं तिने स्वतः तोडली, एकेक करून, आणि टोपलीत टाकली नाहीत, पदरात घेतली. धाकटी तिच्यासाठी थांबली नाही. बरं झालं थांबली नाही.

सूर्य जाळीच्या कडेला टेकला तेव्हा एकोणतीस ओळी झाल्या होत्या. तिसाव्या ओळीत शेवटचे अकरा शब्द होते. शेवटचा झाला तेव्हा ती जमिनीवर बसली, पाय पसरून, जशी घरातली बाई चारचौघांत बसत नाही तशी. टोपल्या भरल्या होत्या. थोरल्याने त्यात हात घालून बघितलं, वर-खाली केलं. दोन पानं छाटलेलं एकही फळ त्यात नव्हतं. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मला आमच्या बैलांचं वय पाठ नाही."

साहेब दुसऱ्या दिवशी दहाला आले. दीड तास त्यांनी झाडं उकलली, गुडघ्यावर बसून, आणि सगळ्यात खालचे घोस वर उचलून. काही सापडलं नाही. कागदावर सही करून गेले. सुपरवायझर मागे वळून बघत बघत गेला, आणि फौजदारीणीने त्याच्याकडे बघितलंच नाही, कारण ती त्या वेळी दुसऱ्याच हिशेबात होती.

परीक्षा दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाला, शहरात. म्हणजे पहाटेची गाडी. म्हणजे फुलं उघडायच्या वेळेला धाकटी हजर नाही. थोरला आता बंदी घालत नव्हता, पण गणित मांडत होता की तिच्या चार ओळी कोण करणार, आणि सगळ्यांच्या हातात आधीच भरपूर आहे. खोटं नव्हतं ते. फौजदारीण म्हणाली की चार नाही, आठ. मीही जाणार आहे. एकटीला कशाला पाठवायची, म्हणाली, आणि मला बघायचंय ते कुठे विचारतात.

संध्याकाळी ती त्या आठ ओळींत शिरली. उद्या उमलणाऱ्या कळ्या तशाच सोडल्या तर त्या आपल्या मनाने फळ धरणार, आणि सकाळी लग्न लावायला माणूस नाही. तेव्हा एकच उपाय होता. तिने चिमटा घेतला नाही. नखाने कळी धरायची आणि तोडून टाकायची. टपोऱ्या, पिवळ्या रेषेवर आलेल्या कळ्या, सोनाराने घडवल्यासारख्या. तिने आयुष्यात अशी एक कळी हातची जाऊ दिली नव्हती. धाकटी मदतीला आली तर तिला हाकललं, आत जा, पुस्तक उघड. आठ ओळी तिने एकटीने खुडल्या. पायाखाली पिवळं पडत गेलं. शेवटी अंगठ्याचं नख हुळहुळलं तेव्हा तिने ते तोंडात धरलं आणि तशीच घरी आली.

शहरातली ती इमारत तीन मजली होती, फाटकाला लोखंडी पट्ट्या. फौजदारीणीने वाटेत ठरवलं होतं की तिथल्या माणसांना चार गोष्टी सुनवायच्या, रांग नीट लावत नसतील, पाणी ठेवलं नसेल, काहीतरी असेलच. फाटकाशी पोहोचली आणि राहून गेलं.

रस्ता पोरींनी भरला होता. भिंतीला टेकलेल्या, पायऱ्यांवर बसलेल्या, कडेवर मूल घेतलेल्या. बोलत कोणीच नव्हती. सगळ्यांचे ओठ हलत होते. कोणाच्या हातात वही, कोणाच्या हातात फोन, कोणाच्या हातात काहीच नाही, नुसते मिटलेले डोळे. एवढी माणसं आणि एवढी शांतता तिने कधी बघितली नव्हती. ह्या प्रत्येकीने कुठेतरी आपले शब्द टांगून ठेवले असणार, कोणी शिवणयंत्रावर, कोणी गोठ्यात, कोणी जिन्याच्या पायऱ्यांना, आणि आता सगळ्या जणी डोळे मिटून आपापल्या ओळीतून चालत होत्या. फौजदारीणीच्या अंगावर काटा आला. धाकटी तिच्या पाया पडायला वाकली तर तिने तिला मधेच धरून उभी केली, खांद्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली की घाई करू नकोस, पण थांबूही नकोस.

घंटा झाली. पोरी आत ओघळल्या. रस्ता मोकळा झाला आणि तिन्ही मजल्यांच्या खिडक्यांतून माना खाली गेलेल्या दिसायला लागल्या.

फाटकावरच्या रखवालदाराने म्हातारी उन्हात बघून आपलं स्टूल पुढे सरकवलं. तीन तास आहेत, मावशी, बसा, म्हणाला. मग वेळ जाईना म्हणून विचारलं, "मुलगी का?"

"सून."

"पास होईल का?"

"ते मला नका विचारू," फौजदारीण म्हणाली. "तुमच्या कागदाला विचारा, तिला पुरेल का म्हणून."

तो हसला. ती हसली नाही. कोणी आलं-गेलं म्हणून फौजदारीण आजवर बसल्या जागेवरून उठली नव्हती, तलाठी आला तरी नाही, साहेब आले तरी नाही. स्टूल सावलीत होतं आणि गुडघे तर भरून आले होते. ती खिडक्यांकडे तोंड करून उभीच राहिली, घंटा होईपर्यंत.